पैसे खात्यात आले, तरी ते तुमचे झाले असं समजू नका

2023 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर दादरला केशवसुत पुलाखाली मेथीच्या दोन जुड्या आणि कोथिंबीर घेतली. 50 रुपये झाले. कोड स्कॅन केला, पिन टाकला, लाल खूण आली. परत केला, परत लाल खूण. "असू द्या दादा, उद्या द्या," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. मला वाटलं नेटवर्क नसेल. डोंबिवली फास्टमध्ये उभं राहायला जरा जागा मिळाल्यावर बँकेचा मेसेज उघडला: खात्यातून पैसे काढण्यावर बंदी घालण्यात आली आहे. आदल्याच दिवशी पगार झाला होता. 61 हजार शिल्लक दिसत होती आणि त्यातला एक रुपया निघत नव्हता.

11 दिवसांपूर्वी मी एका अनोळखी माणसाला 430 यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो कॉइन, विकले होते. साडेएकोणनव्वदचा भाव लागला, 38,485 रुपये माझ्या खात्यात आले. रक्कम पूर्ण होती, वेळेवर आली होती, मी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन पाहिलीही होती. सगळं नीट झालं असं समजून मी तो व्यवहार विसरूनही गेलो होतो. ते खातं पूर्ण मोकळं व्हायला साडेचार महिने लागले.

आमच्या ऑफिसातली नवी मुलं आता हेच करायला निघालेली दिसतात. कुणाला टेलिग्रामवर गिऱ्हाईक मिळतं, कुणाला मित्राच्या मित्राकडून. म्हणून नवख्या माणसासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या: दोन बाजूंचं घड्याळ वेगळं आहे

तुम्ही क्रिप्टो पाठवता तेव्हा ती बाजू काही मिनिटांत कायमची बंद होते. बिटकॉइनची ब्लॉकचेन ही सगळ्यांची सामायिक नोंदवही; तिच्यातला एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, सरासरी 10 मिनिटांनी बनतो आणि सहा ब्लॉक झाले, म्हणजे साधारण तासाभरात, व्यवहार पक्का धरतात. ट्रॉन नावाच्या दुसऱ्या ब्लॉकचेनवर यूएसडीटी त्याहून खूप लवकर पोहोचतं. त्यानंतर ते परत आणणारं बटण कुणाकडेच नाही. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरचे कॉइन गोठवू शकते हे खरं, पण ते मुख्यतः पोलीस यंत्रणांच्या मागणीवरून होतं. तुमच्या-माझ्या तक्रारीवर कुणी ते कॉइन आणून हातात देत नाही.

रुपयांची बाजू तशी नाही. बँकेतून आलेल्या पैशावर पुढे अनेक दिवस, कधी अनेक महिने, दुसरा कुणी हक्क सांगू शकतो. त्यात वावगं काही नाही. उद्या आपल्या आईच्या खात्यातून कुणी पैसे उडवले तर ते मधेच अडवले जावेत असंच आपल्याला वाटेल. सातोशी नाकामोतो या नावाने 2008 मध्ये बिटकॉइनचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्याची सुरुवातच या मुद्द्याने होते: मध्यस्थ असला की वाद सोडवणं आलं, आणि वाद सोडवणं आलं की व्यवहार फिरवता येणं आलं. म्हणून त्यांनी न फिरणारा पैसा बनवला. पण त्या न फिरणाऱ्या पैशाच्या बदल्यात आपण फिरणारा पैसा घेतो, तेव्हा सगळी जोखीम विकणाऱ्याच्या अंगावर येते. समोरच्याचा माल त्याच्या खिशात पक्का असतो. तुमचा पैसा अजून वाटेतच असतो, जरी तो शिलकीत दिसत असला तरी.

पहिली पायरी: पैसे कुठल्या वाटेने येणार ते विचारा

भाव ठरवण्याआधी हा प्रश्न विचारायचा. सगळ्या वाटा सारख्या नसतात.

क्रेडिट कार्डाने कुणी पैसे देऊ लागला तर तिथेच थांबा. कार्डधारक बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे परत खेचून, मागू शकतो आणि त्याची मुदत सहसा 120 दिवसांपर्यंत असते. चार महिन्यांनी "हा व्यवहार मी केलाच नाही" असं त्याने सांगितलं, तर तुम्ही काय दाखवणार? कुरियरची पावती नाही, सही नाही. ब्लॉकचेनवरचा लांबलचक आकडा दाखवलात, तरी तो पत्ता त्याच माणसाचा होता हे कसं सिद्ध करणार?

पेपालची गोष्ट तशीच, उलट मुदत जास्त, 180 दिवस. 1 एप्रिल 2021 पासून पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, त्यामुळे पेपाल देऊ करणारा माणूस परदेशातला असतो किंवा तसं सांगणारा असतो. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या वर्षांत अनेकांचे कॉइन याच प्रकारे गेले: पेपालवर पैसे घेतले, कॉइन पाठवले, आठवड्याने पैसे परत खेचले गेले. फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलांची तिथे खाती असतात, म्हणून हे खास त्यांच्यासाठी. तुमच्या कामाचे पैसे येणारं खातं या व्यवहारात ओढू नका.

एनईएफटीमध्ये वेगळा फसवा क्षण आहे. ती दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये पुढे सरकते. समोरचा माणूस अंधेरीच्या कॅफेत बसून स्वतःच्या मोबाईलवर "यशस्वी" दाखवतो, आणि तुमच्या खात्यात अजून काहीही आलेलं नसतं. चेकचंही तेच: चेक जमा होणं आणि चेक वटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

राहिले यूपीआय आणि आयएमपीएस, आणि आपल्याकडचे बहुतेक व्यवहार यांच्यावरच होतात. लोक म्हणतात, यूपीआय एकदा गेलं की गेलं, पाठवणारा स्वतः मागे घेऊ शकत नाही. हे बरोबर आहे, आणि याच अर्धवट माहितीने मला फसवलं. पाठवणाऱ्याला बटण नाही, पण तक्रारीची वाट आहे. फसवणूक झालेला माणूस 1930 वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. तिथून ती तक्रार बँकांकडे जाते. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर होल्ड लागतो. तिथून पुढे जिथे गेले, त्या खात्यावरही लागतो. बँकेच्या भाषेत यांना लेअर म्हणतात: पहिला लेअर, दुसरा लेअर, तिसरा. मी दुसऱ्या लेअरमध्ये होतो. पैसे ज्याचे होते त्या माणसाचं नावही मी तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

रोख घेतली तर हा प्रश्न येत नाही, असं कुणी सुचवेल. नका करू. अनोळखी माणसाला रोकड घेऊन भेटण्यात लुटीची आणि खोट्या नोटांची भीती आहे, आणि 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यातच मनाई आहे. शिवाय उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद काहीच उरत नाही.

दुसरी पायरी: तिसरा माणूस ओळखायला शिका

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. चोर स्वतःच्या खात्यातून तुम्हाला पैसे देतच नाही. तो दुसऱ्याकडून देववतो.

समजा, कोल्हापुरातल्या एका माणसाला जुनी स्कूटर घ्यायची आहे. इंटरनेटवर जाहिरात दिसते, फोटो चांगले, किंमत जरा कमी. जाहिरात टाकणारा म्हणतो, 25 हजार ॲडव्हान्स पाठवा, गाडी उद्या टेम्पोत चढवतो. त्याच वेळी हाच जाहिरातवाला मुंबईत तुमच्याकडून 25 हजारांचे यूएसडीटी घ्यायची ऑर्डर लावतो. तुम्ही त्याला तुमचा यूपीआय आयडी देता. तो तसाच्या तसा कोल्हापूरला पाठवतो: "यावर टाका, हे आमच्या अकाउंटंटचं खातं." कोल्हापूरकर पैसे टाकतो. तुमच्या खात्यात बरोबर 25 हजार येतात. तुम्ही कॉइन सोडता.

आता तुम्ही प्रामाणिक, तो कोल्हापूरकर प्रामाणिक, आणि ज्याने दोघांना गाठलं त्याचं नाव कुठल्याच बँकेच्या कागदावर नाही. दोन दिवस टेम्पो येत नाही तेव्हा तो माणूस तक्रार करतो. तक्रारीत खातं कुणाचं? तुमचं.

बहुतेक वेळा ही चाल एका गोष्टीवरून पकडता येते: पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि तुमच्याशी व्यवहार करणाऱ्याचं नाव जुळत नाही. कधी तर रिमार्कमध्येच "गाडी ॲडव्हान्स", "रूम डिपॉझिट" असं काही लिहिलेलं असतं. माझ्या व्यवहारात समोरच्याने आधीच सांगितलं होतं की माझं आजचं लिमिट संपलंय, भावाच्या खात्यातून पाठवतो. आडनाव निराळं होतं. मावसभाऊ असेल, असं मीच मनाशी म्हटलं आणि बटण दाबलं. तो भाऊ नव्हता. ते भाड्याने घेतलेलं खातं होतं, आणि त्यात पैसे आले होते घरबसल्या पार्टटाइम कामाच्या आमिषाला भुललेल्या दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाचे.

म्हणून नियम ठेवा: भाऊ, बायको, पार्टनर, कंपनीचं खातं, कुणाचंही नाही. ज्याच्या नावाचं केवायसी, त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे. नाव जुळलं नाही तर कॉइन सोडायचे नाहीत, आणि आलेले पैसे वापरायचेही नाहीत. खरेदीदार-विक्रेत्यांची गाठ घालून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर असाल तर तिथे लगेच अपील, म्हणजे वादाची तक्रार, टाका. परत पाठवायचे झाले तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेला किंवा प्लॅटफॉर्मला लेखी कळवून. समोरचा म्हणेल, "चुकून गेले, या दुसऱ्या नंबरवर परत टाका." ते मुळीच करू नका. तसं केलंत तर चोरीचा पैसा पुढे सरकवणारं खातं तुमचंच ठरतं.

नाव जुळलं म्हणजे सगळं निभावलं, असंही नाही. काही हजार रुपयांसाठी स्वतःचं खातं, सिमकार्ड आणि केवायसीसकट दुसऱ्याला वापरायला देणारी मुलं आहेत. त्यांच्या बाबतीत नाव अगदी तंतोतंत जुळतं. तिथे भाव बघा. बाजारात 90 चा दर चालू असताना कुणी 95 देत असेल, तर त्याला ते परवडतं कसं, हा प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या कष्टाच्या पैशातून कुणी असं पाच-पाच रुपये सोडत नाही.

तिसरी पायरी: अनोळखी माणूस टाळता येतो का ते बघा

बहुतेक नवख्यांना माणूस-ते-माणूस व्यवहाराची, म्हणजे पी-टू-पीची, गरजच नसते. चार पैसे जास्त मिळतात किंवा कर वाचेल असं वाटतं, म्हणून ते तिकडे जातात. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. त्यांना वित्त मंत्रालयाच्या एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे, नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत एक्स्चेंजवर थेट रुपयांत विकलं, तर पैसे कंपनीच्या खात्यातून तुमच्या खात्यात येतात. कोल्हापूरचा स्कूटरवाला मध्ये येण्याची वाटच उरत नाही. भावात रुपया-दीड रुपया कमी मिळाला तरी माझं मत ठाम आहे: नवख्याने हेच करावं. माझे साडेचार महिने मी रुपया-दीड रुपयासाठी घालवले.

कायद्याचंही दोन ओळीत. क्रिप्टो बाळगणं किंवा विकणं भारतात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. पण ते चलनही नाही, आणि ठेवीला असतं तसं विम्याचं संरक्षणही नाही.

करही वाचत नाही. 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के आणि वर सेस, तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. 1 टक्का टीडीएस आहे, आणि दोन माणसांच्या थेट व्यवहारात तो कापून भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येते. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला वर्षाला 50 हजारांपर्यंत त्यातून सूट आहे. रिटर्नमध्ये क्रिप्टोसाठी वेगळं परिशिष्ट असतं. ते भरा. खातं अडकलं की हेच रिटर्न तुमच्या बाजूने बोलतं.

चौथी पायरी: तरीही करायचंच असेल तर

पगाराचं खातं बाजूला ठेवा. घराचा हप्ता, मुलांची फी, आईच्या औषधांचे पैसे ज्या खात्यातून जातात, त्याचा नंबर अनोळखी माणसाला द्यायचाच नाही. वेगळं बचत खातं उघडा आणि त्यात फक्त हेच व्यवहार करा. मात्र वेगळं खातं म्हणजे पक्की भिंत समजू नका. त्यातून लगेच बायकोच्या खात्यात पैसे वळवलेत तर होल्ड तिच्या खात्यापर्यंत पोहोचतो. आलेले पैसे तिथेच काही आठवडे राहू द्या. फसलेल्या माणसाला कळायलाच कधीकधी आठ-पंधरा दिवस जातात, आणि कागद फिरायला आणखी काही.

एस्क्रो असलेल्या प्लॅटफॉर्मच्या बाहेर पडू नका. एस्क्रो म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत तुमचे कॉइन प्लॅटफॉर्म अडकवून ठेवतो आणि तुम्ही "रिलीज" दाबल्यावरच ते सुटतात. समोरचा म्हणेल, व्हॉट्सॲपवर या, फी वाचेल. तिथे गेलात की पुरावाही गेला आणि अपीलही गेलं.

नवीन माणूस असेल तर त्याची जुनी ऑर्डर-संख्या आणि खातं किती महिन्यांचं आहे ते बघा. पहिला व्यवहार लहान करा. काहीजण समोरच्याकडून खात्याचं मागच्या काही दिवसांचं स्टेटमेंट मागतात. आगाऊपणा वाटेल, पण मागा. ज्या खात्यात सकाळी पाच वेगवेगळ्या गावांतून पैसे आले आणि दुपारी सगळे निघून गेले, त्या खात्याशी व्यवहार नको.

पैसे आले का हे बघायची जागा एकच, ती म्हणजे तुमच्या बँकेचं ॲप, जे तुम्ही स्वतः उघडलंय. स्क्रीनशॉट नाही, एसएमएस नाही, समोरच्याने पाठवलेली लिंक तर नाहीच. खोटी यूपीआय पावती बनवणं आज पोरखेळ झालाय. यूपीआयच्या व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो समोरच्याने दिलेला आणि तुमच्या स्टेटमेंटमधला, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. पाठवणाऱ्याचं नाव तिथेच वाचा.

मग येते घाई. प्लॅटफॉर्मवर व्यवहार पुरा करायचं 15 मिनिटांचं घड्याळ उलटं चाललेलं असतं, चॅटमध्ये मेसेजवर मेसेज येतात: "भाऊ रिलीज करा", "पैसे कापले गेलेत माझे", "तक्रार करतो तुमची". मधेच एखादा फोन येतो, "मी प्लॅटफॉर्मच्या सपोर्टमधून बोलतोय, तुम्ही रिलीज केलं नाही तर खातं बंद होईल." खरा सपोर्ट असा फोन करून रिलीज करायला लावत नाही. घड्याळ संपत आलं तरी शंका असेल तर अपील दाबा आणि थांबा. मोठ्या प्लॅटफॉर्मवर अपील असताना कॉइन एस्क्रोतच राहतात. तुम्ही उशीर केल्याने समोरचा नाराज होईल, एवढंच.

व्यवहार झाला की त्याच रात्री एक फोल्डर करा: ऑर्डर क्रमांक, पूर्ण चॅट, समोरच्याचं दिसणारं नाव, बँक स्टेटमेंटची ती ओळ, ब्लॉकचेनवरचा व्यवहार क्रमांक. ते कॉइन तुम्ही मुळात कधी, कुठून, किती रुपयांना घेतले होते त्याची पावतीही हवी. मी हे काहीच ठेवलं नव्हतं, आणि चॅट मिळवायला प्लॅटफॉर्मकडे तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला.

विकत घेणाऱ्यासाठी थोडंसं

तुमची जोखीम कमी आहे, पण आहे. कॉइन एस्क्रोत अडकले आहेत हे दिसल्याशिवाय पैसे पाठवू नका. यूएसडीटी नावाचे बनावट टोकनही फिरतात, म्हणून स्वतःच्या वॉलेटमध्ये थेट घेत असाल तर टोकनचा काँट्रॅक्ट पत्ता, म्हणजे खऱ्या टोकनची ओळख सांगणारा पत्ता, जुळवा आणि नेटवर्क कुठलं ते आधी ठरवा. पैसे फक्त स्वतःच्या खात्यातून द्या. आणि कॉइन हातात आल्यावर "माझी फसवणूक झाली" अशी तक्रार करून पैसे परत मिळवण्याची युक्ती कुणी शिकवली, तर ती ऐकूही नका. खोटी तक्रार हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या तक्रारीने एखाद्याच्या घरचा हप्ता बाउन्स होतो. माझा झाला होता. दंड भरला ते सोडा, 14 वर्षांत पहिल्यांदा हप्ता चुकल्याचा फोन बायकोने उचलला.

खातं अडकलंच तर

घाबरून चार जणांना फोन करत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या तुमच्या शाखेत जा, लेखी अर्ज घेऊन. तोंडी विचारलंत तर "वरून आलंय, सायबरचं आहे" एवढंच उत्तर मिळतं. अर्जात पाच गोष्टी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल, वादातली नेमकी रक्कम, आणि कुठल्या कलमाखाली सूचना आली आहे ते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

मग रक्कम बघा. माझ्या बाबतीत वाद होता 38,485 रुपयांचा आणि बंद होतं अख्खं खातं. असं असेल तर वादातल्या रकमेपुरताच लीन, म्हणजे तेवढ्याच पैशावर रोख, ठेवून बाकी खातं मोकळं करावं, असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला दोघांना द्या. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत होल्ड वादातल्या रकमेपुरता ठेवायला सांगितलं होतं. माझा पगार याच अर्जाने सुटला, सहाव्या आठवड्यात.

तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि त्यात रडगाणं नको, घटनाक्रम हवा. तारीख, वेळ, ऑर्डर क्रमांक, किती कॉइन, कुठल्या पत्त्यावर गेले, किती रुपये आले. सोबत फोल्डरमधले सगळे कागद, रिटर्नची प्रत आणि ओळखपत्र. आठवड्याने आठवण करून द्या, मग परत. मी दर सोमवारी सकाळी लोकलमध्ये बसल्या बसल्या ईमेल पाठवायचो. नवव्या ईमेलला उत्तर आलं.

पोलिसांकडून नोटीस आली तर ती दुर्लक्षून चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस तपास आणि फौजदारी खटल्यांच्या पद्धतीचा कायदा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 106 खाली पोलीस संशयित मालमत्ता, म्हणजे खात्यातली रक्कमही, अडवू शकतात, आणि तसं केल्याचं त्यांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कलम 94 ची नोटीस कागदपत्रं मागण्यासाठी असते. कलम 35(3) ची आली तर हजर राहावं लागतं. तिथे वकील घेऊनच जा. ईमेलने प्रश्न सुटला नाही तर रक्कम मोकळी करण्यासाठी कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वादाची रक्कम लहान असेल तर वकिलाची फी आधी विचारून घ्या, हेही सांगतो.

बँक अर्जाला उत्तरच देत नसेल, तर 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकता येते. पोलिसांनी लावलेला होल्ड लोकपाल काढू शकत नाही. पण आमच्या इमारतीतल्या एकाला तक्रार टाकल्यावर बँकेकडून अडकलेली माहिती आठवड्यात मिळाली.

या काळात एक फोन हमखास येतो. "सायबर सेलमधून बोलतोय, 10 हजार भरा, खाते आजच सुरू करून देतो." मलाही आला, आणि त्याला माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे माहीत होते. पैसे मागणारा कुणीही असो, फोन ठेवा आणि तो नंबर 1930 वर कळवा. तक्रारदार स्वतः फोन करून "मला पैसे परत करा, मी तक्रार मागे घेतो" म्हणाला, तरी थेट पाठवू नका. खरोखर परत करायचं ठरलं तर तपास अधिकाऱ्याला ईमेलवर सांगून, त्यांच्या लेखी उत्तरानंतर, बँकेमार्फत.

उलट तुम्हीच फसला असाल, म्हणजे कॉइन गेले आणि पैसे आलेच नाहीत किंवा मागे खेचले गेले, तर मिनिटं महत्त्वाची असतात. आधी 1930, मग पोर्टलवर तक्रार, मग जवळचं पोलीस ठाणं, याच क्रमाने. कॉइन ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता आणि व्यवहार क्रमांक तक्रारीत पूर्ण लिहा, स्क्रीनशॉटमधला अर्धवट नाही. तो पत्ता एखाद्या एक्स्चेंजचा निघाला, तर तिथे अडवण्याची थोडीफार शक्यता असते.

माझा शेवटचा होल्ड मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाला. 38,485 रुपये मूळ तक्रारदाराला परत गेले. ते त्याचेच होते. माझे 430 यूएसडीटी कुणाकडे आहेत ते कळायला मार्ग नाही. केशवसुत पुलाखालच्या मावशींचे 50 रुपये मात्र मी दुसऱ्याच दिवशी सुट्ट्या नोटांनी दिले.